ओल्या कातडीची कैफियत

पावसाने ओढ दिली म्हणजे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून मुले कडुनिंबाचा पाला अंगाभोवती गुंडाळून धोंडी मागत दारोदार हिंडत, आणि कित्येक गावी त्यांच्या खांद्यावरच्या काठीला किंवा मुसळाला एखादा बेडूक बांधलेला असे; घरची गृहिणी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओती आणि ओंजळभर धान्य मुलांच्या झोळीत घाली. हा संस्कार केवळ खेड्यांतला किंवा केवळ गतकाळातला नव्हे. भोपाळसारख्या राजधानीच्या शहरात २०१९ च्या जुलै महिन्यात पावसासाठी बेडूक-बेडकीचे लग्न लावण्यात आले, आणि पुढे पाऊस अनावर झाला तेव्हा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते लग्न विधिपूर्वक मोडण्यातही आले. अशा विधींनी मेघ हलतात की नाही, हा प्रश्न श्रद्धेच्या अखत्यारीतला आहे; परंतु त्यांच्या मुळाशी असलेले लोकांचे निरीक्षण अगदी खरे आहे, आणि ते असे की, बेडूक व त्याचे गणगोत यांना पाणी तोंडाने नव्हे, तर सर्वांगाने भेटते. उभयचर प्राणी आपल्यासारखा पाणी पीत नाही. तो ते कातडीतून शोषून घेतो, आणि पाण्याबरोबर त्यात विरघळलेले बरेवाईट सर्व काही आत घेतो. या एका गोष्टीचे विस्मरण झाले म्हणजे अशा प्राण्याच्या पालनात काय अनर्थ ओढवतो, हे या गणगोतातल्या न्यूट नावाच्या प्राण्याच्या उदाहरणाने पाहण्यासारखे आहे.

उभयचरांत रूपांतराच्या वेळी शेपूट गमावणारे बेडूक एकीकडे आणि ती जन्मभर बाळगणारे सॅलॅमँडर दुसरीकडे. या सॅलॅमँडरांपैकी आयुष्याचा पुष्कळसा काळ पाण्यात काढणाऱ्या एका गटाला न्यूट म्हणतात. मराठी वाचकाला तो अनोळखी असणे स्वाभाविक आहे, कारण सह्याद्रीत बेडकांची रेलचेल आहे, मातीत राहणारी बिनपायांची देवगांडुळेही आहेत, पण शेपटीचा उभयचर तेथे नाही. माळव्याच्या पठारावरच्या भोपाळच्या आसमंतातही तो नाही. भारतात न्यूट भेटतो तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. १८७१ साली जॉन अँडरसन यांनी चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या नमुन्यांवरून ज्या जातीचे वर्णन केले, तिच्यातच दार्जिलिंगचे न्यूट दीर्घकाळ गणले जात होते. २०१५ साली नेपाळ व दार्जिलिंगकडचे हे प्राणी वेगळ्या जातीचे ठरवण्यात येऊन त्यांना हिमालयाचेच नाव मिळाले. दार्जिलिंग जिल्ह्यातले जोरपोखरी अभयारण्य त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिलेले असल्यामुळे ते घरी बाळगणे हा गुन्हा होय. हौशी लोकांच्या काचपेट्यांतून जो न्यूट दिसतो तो बहुधा चीन किंवा जपानमधला, पाठीने काळा आणि पोटाने शेंदरी, बोटाएवढा लांब असा अग्निपोट न्यूट असतो. आणि त्याचा दूरचा आप्त म्हणजे मेक्सिकोतला, जन्मभर कल्ले मिरवणारा ॲक्झोलॉटल. हा दुसरा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत असल्यामुळे तो पाळणाऱ्याने सरकारदरबारी त्याची नोंद करणे आवश्यक आहे.

प्रथमदर्शनी न्यूटला पाल समजण्याची चूक होते. परंतु पाल सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातली, तिच्या अंगावर खवले आणि बोटांना नखे असतात, आणि तिची कोरडी कातडी ही एक अभेद्य तटबंदी असते. न्यूटला ना खवले, ना नखे. त्याची कातडी पातळ, ओलसर आणि रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेली असते. त्याला फुप्फुसे असतात, तरीही प्राणवायूचा मोठा वाटा तो कातडीनेच घेतो आणि कार्बन डायऑक्साइडही तिच्यामधूनच टाकतो. म्हणजे आपण ज्याला आत आणि बाहेर म्हणतो त्यांच्यामध्ये या प्राण्याच्या बाबतीत भिंत नाही, फार तर ओला पडदा आहे. त्याच्या सवयी, त्याचे चमत्कारिक वर्तन आणि त्याची दुखणी या सर्वांची किल्ली या पडद्यात आहे.

नवख्या पाळणाऱ्याला भेडसावणाऱ्या कित्येक गोष्टी वस्तुतः निरोगीपणाच्याच खुणा असतात. एके सकाळी न्यूटच्या तोंडाभोवतीची कातडी सुटलेली दिसते, तो अंग घासत, वळसे घेत ती मोज्यासारखी शेपटीपर्यंत उतरवतो आणि सगळी कात खाऊन टाकतो. पाहणाऱ्याला हे किळसवाणे वाटले तरी तो काटकसरी संसार आहे. कातडीत गुंतलेली पोषक द्रव्ये तो वाया जाऊ देत नाही. मधूनमधून पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो, त्यातही काही वावगे नाही. घास गिळताना त्याचे डोळे आत खचल्यासारखे होतात, कारण उभयचर प्राणी नेत्रगोल टाळूच्या बाजूने खाली दाबून घास घशात ढकलण्यास मदत घेतात. क्वचित तो पाठीची कमान करून डोके व शेपूट वर उचलतो आणि शेंदरी पोटाचा रंग दाखवीत ताठ होऊन राहतो. तो झटका नसून इशारा असतो, कारण याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते, जे फुगा माशातही सापडते, आणि तो भडक रंग म्हणजे त्या विषाचा जाहीरनामा होय. म्हणूनच न्यूटला हात लावल्यानंतर हात स्वच्छ धुवावेत, आणि तत्पूर्वी ते डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नयेत.

सर्वांत गैरसमज होतो तो नराच्या शेपटीबद्दल. वसंतात तो मादीच्या समोर येऊन शेपूट दुमडतो आणि तिचे टोक पंख्यासारखे थरथरवीत राहतो, आणि पाळणारा घाबरून त्याला अर्धांगाचा विकार झाला असे समजतो. वास्तविक तो आपल्या ग्रंथींतले रसायन पाण्याच्या झुळकेवर मादीकडे पाठवीत असतो. जपानी शास्त्रज्ञांनी हे रसायन १९९५ साली अग्निपोट न्यूटमधून वेगळे काढले. दहा अमिनो आम्लांच्या या लहानशा साखळीला त्यांनी ‘सोडेफ्रिन’ हे नाव दिले, आणि ते प्राचीन जपानी काव्यातल्या बाही हलवून प्रियजनाला खूण करण्याच्या शब्दावरून घेतले. प्रयोगशाळेतल्या पदार्थाचे नामकरण इतक्या प्रेमाने झाल्याची उदाहरणे थोडी असतील.

आता ज्या वर्तनाने खरोखर सावध व्हावे त्याकडे वळू. न्यूट एकाएकी पाण्याबाहेर येऊन काचेच्या कोपऱ्यात चढून बसतो आणि परत टाकले तरी पुन्हा बाहेर येतो. किंवा सैरावैरा पोहतो. कित्येक दिवस अन्नाला शिवत नाही. एका कुशीवर कलून तरंगतो. कातडी वारंवार तुकड्यातुकड्यांनी टाकतो. ॲक्झोलॉटल असेल तर कल्ले पुढे वळवून शेपटीचे टोक आकडीसारखे वाकवतो. काही जाती वर्षाचा काही काळ जमिनीवर काढतात, हे ध्यानात ठेवूनही, जो प्राणी कालपर्यंत पाण्यात सुखाने होता तो आज पाण्याला विटला असेल, तर त्याच्या या वर्तनाला दुखणे न समजता तक्रार समजावे, आणि तक्रार कोणाविरुद्ध आहे हे पाहावे. बहुतेक वेळा प्रतिवादी एकच निघतो: पाणी.

भोपाळसारख्या उष्ण शहरात या तक्रारीचे पहिले कलम उष्णतेचे असते. अग्निपोट न्यूट थंड डबक्यांचा आणि डोंगरी पाणथळींचा रहिवासी. १६ ते २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो सुखी असतो आणि २४-२५ अंशांच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळीस अंशांवर जातो, आणि पंखा चालू असलेल्या खोलीतल्या काचपेटीचे पाणीही तिशी ओलांडते. मग त्या पाण्यात दुहेरी संकट उभे राहते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, तर ३० अंशांना तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम उरतो. आणि नेमक्या त्याच वेळी, शीतरक्ताच्या प्राण्याचे शरीर पाण्याबरोबर तापत असल्यामुळे, दहा अंशांच्या वाढीमागे त्याच्या चयापचयाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. जमा घटते आणि खर्च फुगतो. अशा जमाखर्चात दिवाळे ठरलेलेच. अन्न टाकणे, कातडी सुटणे आणि जंतूंना वाट मोकळी होणे, या सर्वांचा उगम कित्येकदा एवढाच असतो.

यावर इलाज आपल्या घरातल्या माठाने पूर्वीच शिकवलेला आहे. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी बाष्प होऊन जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. तसेच काचपेटीच्या उघड्या पृष्ठभागावर लहानसा पंखा रोखला तर पाण्याचे तापमान काही अंशांनी उतरते. मात्र हा उपाय मे महिन्यातल्या कोरड्या हवेत जितका फलदायी तितका जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नाही, हे कूलर वापरणाऱ्या प्रत्येक भोपाळवासीयाला स्वानुभवाने ठाऊक असते. बर्फाचे खडे पाण्यात टाकून एकदम गारवा आणणे घातक, कारण अकस्मात बदलाचा धक्का उष्णतेइतकाच वाईट. त्यापेक्षा तळमजल्यावरची, उन्हाचा स्पर्श नसलेली खोली, पाणी गार राखणारे यंत्र आणि पाण्यात कायम ठेवलेला तापमापक, हा खरा बंदोबस्त होय. ज्याला तो परवडत नाही त्याने या शहरात न्यूट आणू नये, असे स्पष्ट सांगणेच त्या प्राण्याच्या हिताचे आहे. आणि झाकण जाळीचे व घट्ट असावे. ओल्या पायांनी काच चढणारा हा प्राणी लहानशा फटीतून निसटतो आणि दोन दिवसांनी कपाटामागे वाळून गेलेला सापडतो.

दुसरे कलम आहे अदृश्य विषाचे. न्यूटच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो. नव्या पेटीत त्याचा निचरा करणारे कोणी नसते; काही आठवड्यांनी, साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत, वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर जिवाणूंच्या दोन वसाहती नांदू लागतात, त्यांतली एक अमोनियाचे नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचे त्यापेक्षा पुष्कळ सौम्य असे नायट्रेट. पेटी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्राणी आणणारा मनुष्य वस्ती होण्यापूर्वीच घर भरतो, आणि पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असताना प्राणी तडफडतो. ऊन पाण्यात आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणजे पहिले कलम दुसऱ्याला बळ देते. त्यावर घाबरून सगळे पाणी फेकून पेटी साबणाने घासली तर ते जिवाणूही नष्ट होतात आणि सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दर आठवड्याला पाचवा किंवा चौथा हिस्सा पाणी बदलावे, हाच मध्यम मार्ग. नळाचे पाणी, मग ते बड्या तलावाचे असो, कोलार धरणाचे असो की नर्मदेचे, नळावाटे येताना क्लोरीन घेऊन येते. मनुष्याला उपकारक असलेले हे द्रव्य न्यूटच्या कातडीला आणि त्या जिवाणूंना मारक ठरते. म्हणून हे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून किंवा क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध घालूनच वापरावे.

खऱ्या अर्थाने ज्यांना रोग म्हणावे तेही बहुधा या दोन कलमांच्या पाठोपाठ येतात. जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका आला तर ती पाण्यातली बुरशी होय, जी धडधाकट कातडीवर सहसा रुजत नाही. पोटावर व मांड्यांवर लाली पसरली तर पाण्यात एरवीही असणारे जिवाणू रक्तात शिरलेले असतात; बेडकांतल्या या विकाराला ‘तांबडा पाय’ असे नाव पडले आहे. अंग फुग्यासारखे फुगले तर मूत्रपिंडे किंवा यकृत निकामी झाल्याची शंका घ्यावी. नुसतेच पोट कडक होऊन शौच थांबले असेल तर घासाबरोबर खडा गिळला गेल्याची. म्हणून तळाला एक तर बारीक वाळू असावी किंवा गिळता न येतील असे मोठे गोटे. अन्नात गांडुळासारखे चतुरस्र अन्न दुसरे नाही, मात्र ते कीटकनाशक न पडलेल्या मातीतले हवे. माशांसाठी विकली जाणारी तांबेयुक्त औषधे या प्राण्याच्या कातडीतून थेट आत जातात आणि रोगाआधी रोग्याला संपवतात. तेव्हा मनाने औषध न करता आजारी प्राणी वेगळ्या, थंड, स्वच्छ पाण्यात ठेवावा आणि पशुवैद्याकडे जाताना त्या पाण्याचा नमुनाही न्यावा.

एका रोगाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्याची हकिगत एका पेटीपुरती नाही. नेदरलँड्सच्या दक्षिण भागातल्या बुंडरबोस या रानात काळ्या-पिवळ्या अग्निसॅलॅमँडरांची संख्या काही वर्षांतच शेकडा चार इतकी उरली, आणि २०१३ साली ॲन मार्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण म्हणून कातडी कोरून खाणारी एक नवी बुरशी जगापुढे आणली. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘सॅलॅमँडर खाणारी’ असा आहे. पुढच्याच वर्षी असे दिसून आले की, ती मूळची आशियातली असून तेथले काही न्यूट ती अंगावर वागवूनही जगतात, आणि दीडशे वर्षांहून जुन्या एका जपानी न्यूटच्या संग्रहालयातल्या नमुन्यावरही तिच्या खुणा मिळाल्या. युरोपात ती पोहोचली ती पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून, असा या संशोधनाचा निष्कर्ष होता. २०१६ साली अमेरिकेने सॅलॅमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर हुकुमाने निर्बंध घातले. तेव्हा नवा प्राणी जुन्यांच्या पेटीत सोडण्यापूर्वी निदान महिनाभर वेगळा ठेवणे हा शिष्टाचार नव्हे, कर्तव्य आहे.

याच कारणास्तव, कंटाळलेल्या किंवा हताश झालेल्या पाळणाऱ्याने आपला न्यूट किंवा त्याच्या पेटीतले पाणी कधीही तलावात सोडू नये. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला अशी ज्याची ख्याती आहे तो बडा तलाव आणि त्याच्या शेजारचा छोटा तलाव मिळून होणारा भोज पाणथळ प्रदेश २००२ पासून रामसर यादीत आहे. तेथे २०२३ च्या एप्रिलमध्ये खानूगावच्या बाजूला ॲलिगेटर गार हा लांब जबड्याचा मासा गळाला लागल्याचे वृत्त आले. उत्तर अमेरिकेतला हा मासा माळव्यात स्वतःहून येणे शक्य नाही. माणसाला जे नकोसे होते ते तो पाण्यात टाकतो, आणि पाणी ते विसरत नाही. १९८४ च्या डिसेंबरातल्या दोन-तीन तारखांच्या दरम्यानच्या रात्री ज्या शहराच्या श्वासातून विष शरीरात शिरले, आणि वायुगळती झालेल्या कारखान्याभोवतालच्या भूजलाचा प्रश्न ज्याने पुढे दशकानुदशके सोसला, त्या भोपाळला हे सांगण्याची गरज पडू नये. मनुष्याची कातडी जाड असली तरी त्याचीही भिंत शेवटी पडदाच आहे.

न्यूटची सर्वांत अद्भुत शक्ती सांगायची राहिली, आणि ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे. १७६८ साली इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी यांनी सॅलॅमँडरांचे तुटलेले पाय व शेपट्या पुन्हा उगवतात हे जगाला सांगितले. पुढे असेही आढळले की, डोळ्यातले भिंग काढून टाकले तर न्यूट बुबुळाच्या कडेपासून नवे भिंग घडवतो. जपानचे गोरो एगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही न्यूटांचे भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढले, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, वार्धक्याकडे झुकलेल्या त्या प्राण्यांचे अखेरचे भिंगही तरुण न्यूटच्या भिंगाच्या तोडीचे होते. पेटीतल्या सोबत्याने चावून तोडलेला पाय काही आठवड्यांत पुन्हा फुटू लागतो, हे पाहून पाळणारा निर्धास्त होतो; या प्राण्याला काय होणार, असे त्याला वाटते. येथेच त्याची मोठी भूल होते. जो जीव नवा पाय उगवू शकतो, नवी शेपूट आणि डोळ्याचे नवे भिंग घडवू शकतो, त्याला एक गोष्ट मात्र करता येत नाही: तो आपले पाणी बदलू शकत नाही. रानात तो ते बदलतो, म्हणजे उन्हाळ्यात दगडाखाली, ओल्या पाल्यात किंवा खोल डोहात सरकतो. काचेच्या चार भिंतींत तो अधिकार आपण त्याच्याकडून काढून घेतलेला असतो, आणि ज्याने अधिकार काढून घेतला त्याच्याकडे जबाबदारी आपोआप येते.

मृगाच्या सरींनंतर भोपाळच्या तळ्याकाठी एखाद्या संध्याकाळी गेले, तर एरवी मातकट दिसणारे मोठे बेडूक हळदीसारखे पिवळे होऊन साचलेल्या पाण्यात एकमेकांना साद घालताना आढळतात. त्यांना पेटी नको, यंत्र नको, हवे ते केवळ एवढेच की त्यांच्या पाण्यात आपण काही ओतू नये. ज्याला उभयचरांची आवड आहे त्याच्यासाठी हा सोहळा कोणत्याही आयात केलेल्या प्राण्यापेक्षा मोठा आहे. आणि ज्याच्या घरी न्यूट आधीच आला आहे त्याने त्याचे वर्तन विचित्र दिसले की, औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी आणि त्या प्राण्याला उचलून न्याहाळण्यापूर्वी, आधी तापमापक पाण्यात बुडवावा. कैफियत त्या ओल्या कातडीवर लिहिलेली असते. तिची चौकशी पाण्यातच करावी लागते.